राखणीच्या पिल्लाची हगवण व स्वच्छतेची शिकवण

मळ्यातील वस्तीला कुत्रा हवाच, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. रानडुकरांपासून पिकाची राखण, धनगरांच्या वाड्यावर लांडग्यांपासून मेंढरांची राखण आणि एकाकी घरी रात्री-अपरात्री येणाऱ्या अनोळखी माणसाची चाहूल देणे ही कामे तो अगदी अल्प खर्चात करतो. म्हणून सुगी आटोपल्यावर, थंडीच्या दिवसांत, शेजारच्या वस्तीवरून किंवा सोयऱ्यांकडून एखादे पिल्लू आणण्याची आपल्याकडे रीत आहे. सांगली-सोलापूरकडे कारवानी जातीच्या पिल्लासाठी शेतकरी दूरवर फेऱ्या घालतात. इतरत्र बहुधा गावठी पिल्लूच आणले जाते, आणि राखणीच्या कामात तेही कमी ठरत नाही.

पिल्लू घरी आले की पहिल्या चार-दोन दिवसांतच पुष्कळदा त्याचे पोट बिघडते. पडवीत, कणगीच्या आड, कधी अंथरुणावरच पातळ घाण पडू लागते. वडील माणसे चिडतात, पोरे नाक धरून पळतात आणि ‘खोड मोडण्यासाठी’ म्हणून पिल्लाला काठीचा प्रसाद मिळतो. काही घरांत त्याचे नाक त्याच घाणीत घासण्याचा अघोरी प्रकारही केला जातो. पुढे कंटाळून त्याला रस्त्यावर सोडून दिले जाते, किंवा ते मरून तरी जाते. ह्या दोन्ही गोष्टी बहुतांशी टाळता येण्याजोग्या आहेत. मात्र त्यासाठी हे ओळखावे लागते की, पोट बिघडलेले पिल्लू घर घाण करते ते हट्टाने नव्हे. त्याच्या आजाराच्या दिवसांत आपण जसे वागू, तशी त्याची पुढील सवय बनते.

पिल्लाची उपजत बुद्धी

कुत्रा हा जात्या स्वच्छ प्राणी आहे. जन्मल्यापासून पहिले काही दिवस कुत्रीच पिल्लांना चाटून साफ ठेवते. सुमारे तीन आठवड्यांचे झाले, पायांत थोडे बळ आले की पिल्लू आपल्या निजण्याच्या जागेपासून दूर सरकून मलमूत्र विसर्जन करू लागते. हे त्याला कोणी शिकवीत नाही. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली काय लागते, माती की गवत, वाळू की फरशी, ह्याची त्याला सवय जडू लागते. नेमके ह्याच वयात ते आपल्या घरी येते. निजण्याची जागा घाण करू नये ही बुद्धी त्याच्या ठायी असतेच. ‘निजण्याची जागा’ म्हणजे केवळ आपले गोणपाट नसून सारे घर होय, एवढेच त्याच्या ध्यानी आणून द्यावयाचे असते.

हगवणीने नेमकी हीच बुद्धी मारली जाते. घर घाण होऊ नये म्हणून पिल्लू डालग्याखाली कोंडतात, किंवा हातभर दोरीने खांबाला बांधतात. निरोगी पिल्लू थोडा वेळ कळ काढते, पण पोट बिघडलेल्या पिल्लाला ती काढता येत नाही. त्याला आपल्याच घाणीत बसावे व निजावे लागते. असे काही दिवस चालले की त्याची किळस मरते, आणि एकदा ती मेली म्हणजे पुढे त्याला शिकविणे फार कष्टाचे होते. डालग्यात वा पिंजऱ्यात वाढलेली पिल्ले लवकर वळणावर येत नाहीत, त्याचे कारण बव्हंशी हेच आहे. म्हणून आजारी पिल्लाला कोंडू नये, आखूड बांधू नये. पडवीच्या एका कोपऱ्यात फळ्यांचा आडोसा करून तीन-चार हात जागा मोकळी द्यावी. एका टोकाला निजण्याचे गोणपाट व दुसऱ्या टोकाला माती किंवा राख पसरावी. रात्री कोणाला जाग आलीच नाही, तरी पिल्लाला आपली निजण्याची जागा सोडून दूर जाता आले पाहिजे.

पोट कशाने बिघडते

पहिले व नित्याचे कारण म्हणजे दूध. पिल्लू आणले की वाटीभर दूध पुढे ठेवणे हे आपल्याला मायेचे लक्षण वाटते. परंतु कुत्रीचे दूध आणि गाईचे दूध ह्यांत मोठा भेद आहे. कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक, आणि दुग्धशर्करा मात्र कमी असते. त्यातच दूध तुटल्यावर ही शर्करा पचविण्याची पिल्लाची शक्ती उतरत जाते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते व आंबते, आणि पातळ जुलाब सुरू होतात. दूध बंद करताच एक-दोन दिवसांत जुलाब थांबले, तर कारण दूधच होते असे समजावे. दुसरे कारण आहारातील अकस्मात बदल. पूर्वीच्या घरी पिल्लू काय खात होते हे विचारून घ्यावे. तेच अन्न दोन-तीन दिवस द्यावे आणि मग आठवडाभरात हळूहळू आपल्या घरच्या अन्नावर आणावे. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वी पिल्लू आईपासून तोडूच नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. परंतु गावोगावी अजून महिन्या-सव्वा महिन्याची पिल्ले उचलली जातात.

त्यानंतर जंत. गोलजंत पिल्लाच्या अंगी आईच्या पोटातूनच येतात, आकडेजंत आईच्या दुधातून. म्हणून ‘आमचे पिल्लू अजून बाहेर गेलेच नाही, त्याला जंत कोठून होणार’ हा समज चुकीचा आहे. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, केस राठ, आणि विष्ठेत वा उलटीत शेवयांसारखे पांढरे किडे दिसले, तर ते गोलजंत होत. विष्ठा डांबरासारखी काळी आणि हिरड्या फिकट पांढऱ्या असल्या, तर आकडेजंत रक्त शोषीत आहेत असे जाणावे. ही दुसरी स्थिती अधिक घातक आहे, कारण लहानशा पिल्लाच्या अंगात रक्त ते किती असणार! जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास आठव्या आठवड्यापर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावयाचे असते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी. शेळ्या-मेंढ्यांसाठी आणलेल्या औषधातून अंदाजाने चमचाभर पाजण्याचा मोह आवरावा.

उकिरड्यावरचे कुजके अन्न, कोंबडीची आतडी, मेलेले उंदीर हेही पोट बिघडवितात. कीटकनाशकाचा रिकामा डबा चाटल्याने जुलाबाबरोबर लाळ गळू लागली व अंगाला झटके येऊ लागले, तर ते साधे जुलाब नव्हेत. तो डबा बरोबर घेऊनच दवाखाना गाठावा.

रक्तहगवण

वरील कारणांहून सर्वस्वी निराळा असा एक रोग आहे, तो पार्व्हो विषाणूचा. 1978 च्या सुमारास तो जगात प्रथम दिसून आला आणि काही वर्षांतच सर्वत्र पसरला. दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना तो विशेष होतो. प्रथम पिल्लू मलूल होऊन अन्न टाकते, मग वारंवार उलट्या होतात आणि लवकरच दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. अशा वेळी घरगुती उपायांत एक दिवसही दवडू नये. शिरेवाटे पाणी व क्षार देणे हाच ह्यावरील उपचाराचा कणा आहे, आणि तो वेळेवर मिळाला तर पुष्कळ पिल्ले वाचतात.

हा रोग माणसाला होत नाही. परंतु त्याचा विषाणू सावलीच्या, ओलसर जागी कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकून राहतो. पायताणांतून तो एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जातो. फिनाईलने तो मरत नाही. शिवाय फिनाईलचा उग्र द्रव लहान पिल्लाला स्वतःलाही अपायकारक आहे. जागा आधी घासून स्वच्छ धुवावी आणि मग विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, ताजे पाणी टाकून दहा मिनिटे राहू द्यावे. घाणीवरच चूर्ण टाकल्यास त्याचा गुण येत नाही. मातीची जमीन असल्यास वरचा थर खरवडून काढून खोल पुरावा आणि ती जागा उन्हात उघडी ठेवावी. ज्या वस्तीवर असे पिल्लू दगावले, तेथे वर्षाच्या आत दुसरे आणावयाचे झाल्यास लसी पूर्ण झालेलेच आणावे. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा होईपर्यंत पुनःपुन्हा टोचावी लागते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पहिल्या टोचणीला निष्फळ करू शकते, म्हणून एका टोचणीवर थांबणे धोक्याचे होय.

घरी काय करावे

पिल्लू खेळते आहे, पाणी पिते आहे, उलटी नाही, रक्त नाही, केवळ पातळ होते आहे, अशा वेळी दिवसभर घरी उपचार करून पाहण्यास हरकत नाही. मोठ्या कुत्र्याला एक वेळ लंघन मानवते, पण दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला उपाशी ठेवू नये. त्याच्या रक्तातील साखर उतरून ते थंड पडते. दूध पूर्ण बंद करावे. मऊ शिजविलेला भात व त्यात उकडलेल्या अंड्याचा किंवा बिनहाडाच्या, बिनमसाल्याच्या कोंबडीचा थोडा कुस्करा दिवसातून पाच-सहा वेळा मूठ-मूठभर द्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी व ते पाणी दर पाव तासाने चमचा-दोन चमचे पुढे ठेवावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ते पाणी पिल्लाने आपण होऊन चाटावे. जबडा उघडून ओतल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

कांदा व लसूण ह्यांचे घरगुती काढे पाजू नयेत. त्यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या व जुलाब बांधण्याच्या गोळ्याही देऊ नयेत.

मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडावी. ती चटकन पूर्ववत झाली नाही, हिरड्या कोरड्या वा पांढऱ्या पडल्या, पाय गार लागले, उलटी सुरू झाली किंवा दिवसभरात उतार पडला नाही, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. जाण्याची सोय नसेल, तर 1962 ह्या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पथकाची चौकशी करावी. जाताना सकाळची ताजी विष्ठा झाकणाच्या स्वच्छ डबीत न्यावी, म्हणजे जंताची अंडी तपासता येतात.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पिल्लू लाळ गाळीत असेल, त्याला गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल किंवा ते उगाच चावू लागले असेल, तर ‘घशात हाड अडकले’ असे समजून त्याच्या तोंडात हात घालू नये. पिसाळ रोग पिल्लांनाही होतो. पिल्लाचे दात लहान म्हणून त्याचा चावा लहान असे मुळीच नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यावी. पिल्लाला ही लस तीन महिन्यांचे झाल्यावर टोचून घ्यावी.

आजारपणातील शिकवण

पोट बिघडले म्हणजे शिकवण थांबवावी, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती थांबवावयाची नसून तिचा वेग वाढवावयाचा असतो. निरोगी पिल्लू जितक्या महिन्यांचे, साधारण तितके तास ते दिवसा कळ काढू शकते, असा स्थूल हिशेब आहे. जुलाबात हा हिशेब लागू नाही. त्याला दर अर्ध्या-पाऊण तासाने ठरलेल्या जागी न्यावे. त्याशिवाय झोपेतून उठताच, खेळणे संपताच आणि प्रत्येक खाण्यानंतर न्यावेच. अन्न पोटात पडले की आतडी हालू लागतात. खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत पिल्लाला बहुधा जावेच लागते. थोडे थोडे खाणे पाच-सहा वेळा देण्यात हाही लाभ आहे की, शिकविण्याची संधी दिवसातून पाच-सहा वेळा हमखास हाती येते.

जमीन हुंगीत गोल फिरणे, खेळ टाकून एकाएकी कोपऱ्याकडे जाणे, कुंईकुंई करणे ही खूण होय. ती दिसताच ओरडू नये, दोन्ही हातांनी उचलून बाहेर न्यावे. जागा एकच असावी, वाटही एकच असावी, आणि तेथे पोहोचल्यावर उच्चारावयाचा शब्दही घरातील सर्वांनी एकच ठेवावा. विधी आटोपताच, तेथल्या तेथेच, पाठीवरून हात फिरवावा व भाताचे एक शीत द्यावे. घरात परत आणून दिलेले बक्षीस त्याला घरात येण्याबद्दलचे वाटते.

शिक्षेचेही तेच. पिल्लाला क्षणापूर्वीचे कृत्य आणि आताची चापट ह्यांचा संबंध जोडता येत नाही. तासाभराने घाण दिसली व मारले, तर ते एवढेच शिकते की हा मनुष्य जवळ आला म्हणजे मार बसतो. विधी करतानाच मारले, तर माणसांदेखत तो करू नये असे ते शिकते. असे पिल्लू मग दोरीने धरून बाहेर नेले तरी अर्धा तास ताटकळत राहते आणि घरात येताच कणगीमागे जाऊन बसते. लोक त्यास लबाड म्हणतात; खरे पाहता आपण शिकविले तेच ते करीत असते. घडली ती घाण मुकाट्याने काढावी, हाच शहाणपणा.

घाण काढल्यावर वास राहता कामा नये, कारण वासाच्या खुणेवर पिल्लू पुन्हा तेथेच येते. सारवलेल्या जमिनीचा डागाळलेला पोपडा काढून नव्याने सारवावे. फरशी साबणाने धुवावी. गोणपाट रोज बदलून उन्हात टाकावे. उलटपक्षी, बाहेरच्या ठरलेल्या जागी पहिल्या दिवशी त्याच्याच विष्ठेची किंचित माती नेऊन टाकली, तर जागा त्याच्या लवकर ध्यानी येते. मात्र जुलाब रक्ताचे असतील, तर हा उपाय करू नये.

रात्रीचा प्रश्न अवघड खरा. पिल्लाची जागा घरातील जाग्या झोपेच्या माणसाजवळ असावी, म्हणजे त्याची चुळबूळ ऐकू येते. आजारपणात रात्रीतून दोनदा तरी उठावे लागेल, अशी मनाची तयारी ठेवावी. जुन्नर, संगमनेर, निफाड अशा बिबट्याच्या वावराच्या भागांत पिल्लाला रात्री एकटे बाहेर सोडणे म्हणजे त्याला गमावणे होय. बाळगोपाळांनाही त्याच्यासोबत धाडू नये. तेथे अंगणाच्या आत, दिव्याच्या उजेडात, भिंतीलगत मातीचे एक पाट करून रात्रीपुरती तीच जागा वापरावी. पावसाळ्यातही पत्र्याच्या आडोशाखालील असे पाट उपयोगी पडते, कारण भर पावसात पिल्लू बाहेर बसण्यास नाखूष असते.

विष्ठा बांधून आली की लगेच ढिलाई करू नये. आणखी चार-पाच दिवस तोच क्रम ठेवून मग फेऱ्यांमधील अंतर वाढवावे. दूध पुन्हा सुरू करण्याची घाई नको. ते मुळीच दिले नाही तरी पिल्लाचे काही अडत नाही.

जागा कोणती निवडावी

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे, आणि शहरातल्या घरांत तो उद्भवतच नाही. ‘घराबाहेर गेले म्हणजे झाले’ असे समजून पिल्लाला गंजीकडे वा गोठ्याच्या मागे नेण्याची सवय लावली, तर ते मोठेपणीही कडब्यावरच बसेल. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा सूक्ष्म जीव चाऱ्यात जातो व तो चारा खाल्लेल्या गाभण गाई-म्हशी मधल्या महिन्यांत गाभडतात. ह्या जीवाचे वर्णन 1988 मध्ये झाले, आणि त्याच्या प्रसारातील कुत्र्याचा भाग 1998 मध्ये सिद्ध झाला. कुत्र्याला तो गाईची वार किंवा गाभडलेले वासरू कच्चे खाल्ल्याने जडतो, आणि वरून कुत्रा धडधाकट दिसतो. म्हणून वार खोल पुरावी. ती कुत्र्यापुढे टाकण्याची चाल सर्वथा बंद व्हावी.

मेंढपाळांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. मेंढी मान वाकडी करून एकाच दिशेने गोल गोल फिरू लागते, ह्याचे एक मोठे कारण तिच्या मेंदूत झालेली फीतकृमीची गाठ हे आहे. त्या कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, आणि कुत्र्याला ती कृमी अशाच मेंढीचे डोके खाल्ल्याने होते. यकृत-फुफ्फुसांत पाण्याच्या गाठी करणारी दुसरी फीतकृमी माणसालाही सोडीत नाही. पिल्लाला कच्ची आतडी, काळीज, मेंढीची डोकी कधीही घालू नयेत.

तेव्हा ठरलेली जागा चाऱ्यापासून, पाण्याच्या हौदापासून, विहिरीपासून, भाजीच्या वाफ्यापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या अंगणापासून दूर, उन्हाची, उताराच्या खालच्या अंगास असावी. तेथील विष्ठा रोजच्या रोज उचलावी. गोलजंताची अंडी विष्ठेत पडताच बाधक नसतात. मातीत त्यांना त्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात, आणि नंतर मात्र ती वर्षानुवर्षे टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात व क्वचित डोळ्यात जाऊन दृष्टीला अपाय करतात. रोज उचलणाऱ्याच्या घरी हे भय फारसे उरत नाही. उचललेली घाण उकिरड्यात टाकू नये, कारण ते खत पुढे भाजीपाल्यास जाते. हातभर खोल निराळा खड्डा करून प्रत्येक वेळी वर राख व माती लोटावी, आणि खड्डा भरत आला की बुजवून शेजारी दुसरा घ्यावा. पिल्लू हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवावयास लावावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी वस्तीभेटीच्या वेळी घरी नवे पिल्लू आहे काय, असे सहज विचारावे. असल्यास त्याची जागा पाहावी, आणि जंताचे औषध व लसीच्या तारखा घरच्या दिनदर्शिकेवर तेथेच लिहून द्याव्यात.